‘फास्ट’ : लोकलचा, उपासाचा की पक्क्या रंगाचा?

कोपरीकर (सोमवार, रात्री ९:४०)

आज श्रावणी सोमवार. सकाळी नेहमीची फास्ट लोकल ठाण्याला सहा नंबरवर आली. मी सवयीने दोन बाकांच्या मधल्या बोळात घुसलो आणि मुलुंडच्या आधीच गाडीने खडखड करत रूळ बदलले. स्लो ट्रॅक. अख्ख्या डब्यातून एक सामुदायिक ‘च्च’ उमटला. डोंबिवलीहून बसून येणाऱ्या काकांनी तेवढ्यात ढोकळ्याचा डबा उघडून माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "फास्ट आहे का?"

मी दाराकडे मान ताणून बघत म्हटलं, "कसली फास्ट काका, नाहूर, भांडुप, कांजूर, सगळं घेत जाणार आता."

विक्रोळी येईपर्यंत ग्रुप हसत होता. ढोकळा हुकलाच, कारण उपास खरंच होता.

पण घाटकोपरच्या गर्दीत चेपून घेताना डोक्यात तेच फिरत राहिलं. एका शब्दाला इतके परस्परांना न ओळखणारे अर्थ कसे? वेगाने जाते ती गाडी फास्ट. न जेवणं हाही फास्ट. जांभळी नाक्यावरचा कापडवाला "फास्ट कलर आहे ताई, जाणार नाही" म्हणतो तो तिसरा. आणि गाढ झोपलेला माणूस ‘फास्ट अस्लीप’. तो तर कूसही बदलत नाही! म्हणजे एक फास्ट सुसाट सुटलेला आणि दुसरा जागचा हलायला तयार नाही.

घरी येऊन कोश काढले. तिथे जे सापडलं ते थोडक्यात असं, की हे तीन-चार शब्द नाहीतच. शब्द एकच आणि त्याचा मूळ अर्थ ‘घट्ट’. जुन्या इंग्रजीत तो घट्ट बसलेला, पक्का, जागचा न हलणारा एवढाच होता. वेगाचा वासही नव्हता. जर्मनमधला ‘फेस्ट’ हा त्याचा सख्खा भाऊ आजही ‘घट्ट’च आहे. विमानात पट्टा ‘फासन’ करा म्हणतात, तो याच घरातला.

उपासाचा अर्थ कसा आला? घट्ट धरून राहणं, मग नियम धरून राहणं, मग अन्न न घ्यायचा नियम धरून राहणं. चौथ्या शतकात बायबल गॉथिक भाषेत (इंग्रजी-जर्मनच्या कुळातली जुनी भाषा) उतरलं. त्यात ‘फास्तान’ असं क्रियापद आहे. त्याचा अर्थ पाळणं, राखणं हाही होतो आणि उपास करणं हाही.

वेगाचं कोडं मला सुटत नव्हतं. घट्ट आणि वेगवान, दोन टोकं. मग समोरच्या बिल्डिंगमधली आई पोराला ओरडली, "जोरात पळ, बस सुटेल!" आणि ट्यूब पेटली. जोर म्हणजे शक्ती, शब्द फारसी. जोरात दाब, जोरात धर, जोरात ओरड, जोरात पळ. शेवटच्यात शक्तीचा वेग कधी झाला ते आपल्याला कळलंही नाही. इंग्रजीत हेच झालं. ‘फास्ट’ म्हणजे घट्ट, मग ताकदीने, मग जीव खाऊन, मग वेगाने. आधी क्रियाविशेषण म्हणून, आणि ‘वेगवान’ असं विशेषण व्हायला पुढे १६ वं शतक उजाडलं.

तुमच्या कामाधंद्यात कुठला फास्ट भेटतो? लिहा.

तलावपाळी (सोमवार, रात्री ९:५८)

ढोकळ्यास भावपूर्ण श्रद्धांजली. बाकी सवडीने वाचतो.

काचपट्टी (सोमवार, रात्री १०:३०)

कोपरखैरण्याला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. आमच्याकडे दोन फास्ट आहेत.

पहिला फास्टिंग शुगरचा. पेशंटला आदल्या दिवशी फोनवर सांगतो की आठ ते दहा तास पाण्याशिवाय काही नको, फास्टिंग करून या. गेल्या आषाढी एकादशीला एक आजोबा सकाळी आले, टिळा लावून, प्रसन्न. विचारलं, काही खाल्लं नाही ना? "छे छे, कडक उपास. जरा साबुदाण्याची खिचडी आणि एक केळं, बस." म्हटलं आजोबा, मग आज नाही होणार टेस्ट. ते भडकलेच. "तुम्हीच उपास करून या म्हणालात. उपासाला खिचडी चालते की नाही?" आता काय बोलणार. त्या दिवसापासून मी ‘उपास’ म्हणत नाही, ‘उपाशीपोटी’ म्हणते. उपास आणि उपाशी या दोन शब्दांच्या मध्ये अख्खी खिचडीची परात बसते.

दुसरा फास्ट मी वर्षानुवर्षं चुकीचा समजत होते, ते हा धागा वाचून आत्ता कळलं. टीबीसाठी थुंकी तपासतो तेव्हा रिपोर्टवर ‘एएफबी’ लिहितो, म्हणजे ॲसिड फास्ट बॅसिलाय. मला वाटायचं, ॲसिडमध्ये पटकन काहीतरी होत असणार यांचं. प्रत्यक्षात काय होतं बघा. काचपट्टीवर थुंकीचा पातळ थर द्यायचा, वाळवायचा, ज्योतीवरून फिरवून पक्का करायचा. त्यावर कार्बॉल फ्युक्सिन ओतायचं. गडद किरमिजी रंग, बोटाला लागला तर दोन दिवस जात नाही. खालून वाफा येईपर्यंत आच द्यायची, उकळू मात्र द्यायचं नाही. पाच मिनिटांनी धुवायचं आणि २५ टक्क्यांचं सल्फ्युरिक ॲसिड घालायचं. झालं, पट्टीवरचा सगळा लाल रंग धुऊन निघतो. पेशी, म्हशी, इतर जंतू, सगळे कोरे. फक्त टीबीचा जंतू रंग सोडत नाही, त्याच्या अंगावर मेणासारखं आवरण असतं. मग वरून मेथिलिन ब्ल्यू दिलं की निळ्या आभाळात बारीक लाल काड्या दिसतात. ॲसिडपुढेही रंग घट्ट धरून बसलेला, म्हणून फास्ट!

(म्हशी मोबाइलने घातल्या, ‘पस सेल’, म्हणजे पूच्या पेशी, लिहायचं होतं. राहू देते.)

तलावपाळी (सोमवार, रात्री १०:३४)

निळ्या आभाळात कोऱ्या म्हशी. कृपया संपादित करू नका.

शंकेखोर (सोमवार, रात्री ११:१५)

कोपरीकर, लेखन छान, पण माझं नाव राखायला हवं. ‘जोरात’चं उदाहरण गोड आहे म्हणून खरं मानायचं का? दोन वेगळे शब्द कालौघात सारखे दिसायला लागतात असंही होतं. इंग्रजीत चेंडू मारायची बॅट आणि वटवाघळाची बॅट, दोन्ही वेगळ्या गावच्या. मराठीत आपला ‘जलद’ बघा. कवितेत जलद म्हणजे ढग, जल देणारा तो, शुद्ध संस्कृत. ठाणे स्टेशनवर बाई सांगतात ती ‘जलद लोकल’ फारसी ‘जल्द’वरून. उद्या कोणी म्हणेल, ढग वाऱ्यावर वेगाने पळतात म्हणून वेगवान गाडी ती जलद! ऐकायला झकास, पण निव्वळ थाप. मग फास्टचं तसं नसेल कशावरून?

कोपरीकर (सोमवार, रात्री ११:५०)

जलदचं उदाहरण मी चोरून ठेवतोय. पण फरक पुराव्याचा आहे. वटवाघळाचा शब्द पूर्वी ‘बाक्के’ असा होता, नंतर तो बॅटच्या रूपाला येऊन मिळाला. दोन नद्या वेगळ्या डोंगरातून आलेल्या दिसतात. फास्टच्या बाबतीत मधल्या पायऱ्या सापडतात. जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत, ‘द्रेक्का फास्ट’ म्हणजे भरपूर पिणं, आपण ‘दाबून जेवला’ म्हणतो तसं. घाईघाईने पिणं नव्हे. मध्ययुगीन इंग्रजीत माणसं ‘फास्ट’ लढतात, म्हणजे त्वेषाने. त्वेषाने लढणारा, त्वेषाने पळणारा, यात उडी कुठे आहे?

आणखी एक पायवाट दाखवतात. घट्ट म्हणजे चिकटून, चिकटून म्हणजे अगदी जवळ. एखाद्याच्या मागे अगदी चिकटून जायचं तर पळावं लागणारच. दोन्ही पायवाटा एकाच ठिकाणी पोचतात.

ऐरोली_नाइटशिफ्ट (मंगळवार, पहाटे २:२०)

शंकेखोर, ‘चिकटून’चा पुरावा माझ्याकडे आहे, तोही अंगावर काढलेला. ऐरोलीला आयटीत आहे. एका जुन्या प्रोजेक्टचे क्लायंट जर्मन होते. नवीन लागलो होतो तेव्हा शुक्रवारी त्यांची मेल आली, शेवटी दोन शब्द : ‘फास्ट फेर्टिष’. आमच्या तेव्हाच्या टीम लीडने छातीठोक सांगितलं, "फास्ट संपवा म्हणतायत." शनिवार-रविवार सगळे ऑफिसात. पूल ओलांडून ठाण्याला घरी जायला रात्री रिक्षा मिळेना. सोमवारी त्यांच्याशी बोलल्यावर कळलं की जर्मनमध्ये ‘फास्ट’ म्हणजे ‘जवळजवळ’. त्यांच्या बाजूचं काम जवळजवळ झालंय, एवढंच ते कळवत होते. वेगाला त्यांच्याकडे ‘श्नेल’ आहे.

घट्ट, चिकटून, जवळ, जवळजवळ. एकाच मुळापासून इंग्रज वेगाकडे गेला, जर्मन ‘होतच आलंय’कडे. माझा वीकेंड मधल्या मध्ये गेला.

रंगारी (मंगळवार, सकाळी ७:०५)

डाइंग हाउसच्या लॅबमध्ये २६ वर्षं काढली, तुर्भे-महापे पट्ट्यात. आता निवृत्त, घणसोलीला असतो. आमच्या तोंडी दिवसभर एकच शब्द, फास्टनेस. पण आमच्यात कोणालाही वेग आठवत नसे.

रंगाचा फास्टनेस एक नसतो, प्रत्येक छळाचा वेगळा. धुण्याला वेगळा, घामाला वेगळा, उन्हाला वेगळा, घासण्याला वेगळा. घासण्याची टेस्ट सोपी आहे. क्रॉकमीटर नावाचं हाताने फिरवायचं यंत्र असतं, त्याच्या खुंटीला पांढऱ्या सुती कापडाचा चौकोन लावायचा आणि रंगीत कापडावर दहा वेळा पुढे-मागे घासायचं. एकदा कोरडं, एकदा ओलं. मग पांढऱ्या कापडाला किती रंग लागला ते ग्रे स्केलच्या पट्टीशी ताडून नंबर द्यायचा. ५ म्हणजे डागच नाही, १ म्हणजे पार्टी माल परत पाठवणार. उन्हाची पट्टी वेगळी, निळ्या लोकरीची, ती १ ते ८.

गंमत म्हणजे जगात सगळ्यात जास्त खपणारी पँट या टेस्टमध्ये काठावर असते. जीन्सची नीळ धाग्याच्या आतपर्यंत जात नाही, वरच बसते. म्हणून घासली की सुटते, नवी जीन्स फिक्या सोफ्यावर निळं पाऊल ठेवते. आणि लोक त्याच विटण्याचे जास्त पैसे देतात.

मराठीत बघा, आपण रंगाला ‘जातो’, ‘सुटतो’, ‘लागतो’ म्हणतो, जणू चालता-फिरता माणूस. जो जात नाही तो पक्का. जांभळी नाक्यावरचा ‘फास्ट कलर’ म्हणजे तेच, फक्त पहिल्या धुण्यापर्यंत.

माजिवड्याची मावशी (मंगळवार, सकाळी ११:२०)

धाकट्याने हा धागा वाचून दाखवला म्हणून लिहिते. टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

अरे कोपरीकरा, गॉथिक का काय ते कुठे शोधत बसलास? आपण उपास काय करतो सांग बघू. धरतो! ‘तिने सोळा सोमवार धरलेत’ असंच म्हणतो ना? म्हणजे घट्ट धरण्याचा तुझा तो फास्ट आपल्या स्वयंपाकघरातच होता. आणि धरलेली वस्तू संध्याकाळी काय करतो? सोडतो. उपास सोडला. देवाला नैवेद्य दाखवून, पानावर बसून, रीतसर. आणि चुकून तोंडात दाणा पडला तर? मग उपास मोडला. सोडणं आणि मोडणं यात केवढं अंतर आहे! सोडला तर पुण्य, मोडला तर पुढच्या सोमवारी परत पहिल्यापासून.

आता मला सांगा, हे इंग्रज लोक ब्रेकफास्ट म्हणतात, म्हणजे उठल्या उठल्या रोज उपास मोडतात? आमच्या सासूबाईंनी घरात घेतलं नसतं.

रीतसर सोडण्याला आपल्याकडे स्वतंत्र शब्द आहे, पारणं. एकादशीचं द्वादशीला. ‘डोळ्यांचं पारणं फिटलं’ म्हणतो ते यावरूनच, किती दिवसांचे उपाशी डोळे ते. ‘डोळ्यांचा ब्रेकफास्ट झाला’ असं म्हणून बघा कसं वाटतं.

धाकटा हल्ली इंटरमिटंट फास्टिंग करतो. दुपारी एकदाच जेवतो, मोबाइल त्याला तास मोजून देतो. त्याला म्हटलं, बाळा, याला एकभुक्त म्हणतात. माझ्या आईने जन्मभर केलं आणि तिला कोणी तास मोजून दिले नाहीत.

कोपरीकर (मंगळवार, दुपारी १:१०)

मावशी, साष्टांग. काल रात्री दोन तास कोशात डोकं घालून बसलो आणि ‘धरणे’ नाकासमोर होतं. सकाळी आईला फोनवर स्वतःच म्हटलं होतं, "सोमवार धरलाय गं."

कौसा_ते_करीरोड (मंगळवार, दुपारी २:४५)

मावशी, मोडणारे फक्त इंग्रज नाहीत. आमच्याकडे रमजानमध्ये इफ्तार असतो, त्या अरबी शब्दाच्या मुळाशीही फोडणं, मोडणं आहे. आणि तरी तो पुण्याचाच. अरबीत सकाळच्या न्याहारीला ‘फुतूर’ म्हणतात, तेही त्याच मुळातून. म्हणजे अरबांचाही ब्रेकफास्टच.

त्याहून मजा ‘नाश्ता’ची. आपण सगळे ठाण्यात राहून जो करतो, मिसळ-पाव, पोहे वगैरे, त्याचा मूळ फारसी अर्थ आहे उपाशी, सकाळपासून काही न खाल्लेला! लॅबवाल्या ताईंनी ऐकावं, इराणमध्ये उपाशीपोटी रक्त द्यायचं असतं त्यालाही ‘नाश्ता’च म्हणतात. तुमचे खिचडीवाले आजोबा तिथे गेले असते तर काय झालं असतं कल्पना करा. "नाश्ता करून या!"

काचपट्टी (मंगळवार, दुपारी ३:०२)

हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी आहे. लंच टाइममध्ये सगळ्या स्टाफला वाचून दाखवलं. डॉक्टरांनी भर घातली. लहान आतड्याच्या मधल्या भागाला जेजुनम म्हणतात, तो लॅटिन शब्द म्हणजे ‘उपाशी’. जुन्या काळी शवविच्छेदनात तो भाग रिकामा सापडायचा म्हणून. सगळ्यांच्या पोटात एक कायमचा उपाशी बसलेला आहे.

नौपाडा_मास्तर (मंगळवार, संध्याकाळी ६:३०)

जेजुनम निघालंच आहे तर पुढचं. त्याच लॅटिन शब्दाच्या मागे ‘सोडवणारा’ उपसर्ग लागून एक क्रियापद झालं, उपास सोडणे. ते फ्रेंचमध्ये झिजत झिजत इंग्रजीत आलं ते ‘डिनर’ होऊन. म्हणजे डिनरचाही मूळ अर्थ ब्रेकफास्टच! दिवसाचं पहिलं मोठं जेवण होतं ते, सरकत सरकत रात्रीवर गेलं. मावशी, इंग्रज सकाळी मोडतो आणि रात्री परत सोडतो.

आता शिक्षकाचं रडगाणं. आठवीच्या वह्यांत दर वर्षी ‘ही रन्स फास्टली’ सापडतं. पोरांची चूक नाही, स्लोचं स्लोली होतं तर फास्टचं का नाही? कारण ‘फास्ट’ हे क्रियाविशेषण आधीच होतं, त्याला शेपूट नको होती. ‘हार्ड’चं तेच. आणि तिथे शेपूट लावली तर अनर्थ, ‘ही हार्डली वर्क्स’.

दुसरी ठरलेली चूक ‘फास्ट फ्रेंड’. मुलं भाषांतर करतात ‘पटकन झालेला मित्र’. अर्थ आहे पक्का मित्र. मी फळ्यावर दोन जोड्या लिहितो. फास्ट अस्लीप : गाढ झोप. फास्ट फ्रेंड : गाढ मैत्री. संस्कृतात गाढ म्हणजे घट्ट, दाट. झोपेला आणि मैत्रीला इंग्रजीने जो शब्द लावला तोच आपणही लावला, कोणी कोणाला न विचारता.

आणि मावशींच्या धरण्या-सोडण्यावरून एक आठवलं. ‘प्ले फास्ट अँड लूज’ हा वाक्प्रचार १६ व्या शतकातल्या एका जत्रेतल्या फसवणुकीच्या खेळातून आला. शेक्सपिअरच्या नाटकांतही येतो. कातडी पट्टा दुमडून गुंडाळायचा आणि टेबलावर कडेवर उभा ठेवायचा. मधे दोन-तीन विळखे दिसतात. गिऱ्हाइकाने त्यातल्या एकात काडी खुपसायची, अशी की पट्टा ओढला तर काडीत अडकेल, म्हणजे ‘फास्ट’ होईल. मग खेळवाला दोन्ही टोकं ओढतो आणि पट्टा अलगद मोकळा निघतो, ‘लूज’. दुमडायची खुबी अशी की निर्णय त्याच्या हातात. कॉलेजात असताना स्टेशनबाहेर पत्र्याच्या डब्यावर तीन पत्त्यांत मी पन्नास रुपये असेच घालवले होते. राणी माझ्या डोळ्यांसमोर होती, शपथेवर सांगतो.

वर्गात या वाक्प्रचाराला मराठी शब्द काय द्यायचा यावर मी बरीच वर्षं अडलो होतो. मावशींची पोस्ट वाचली आणि मिळाला. धरसोड! फास्ट म्हणजे धर, लूज म्हणजे सोड. आपल्या धरसोडीत इंग्रजीइतकी लबाडी नाही, चंचलपणा जास्त आहे, पण इतका जवळचा दुसरा मिळायचा नाही.

शंकेखोर (मंगळवार, संध्याकाळी ६:५५)

धरसोड. मास्तर, हे मान्य करताना जीव जातोय, पण मान्य.

डबल_एक्सपोजर (मंगळवार, संध्याकाळी ७:४०)

फोटोवाल्यांकडून एक. ‘फास्ट लेन्स’ काही हलत-बिलत नाही. तिचं तोंड मोठं उघडतं, प्रकाश जास्त आत येतो, म्हणून शटर पटकन मिटलं तरी चालतं. येऊरच्या जंगलात संध्याकाळी पक्षी टिपायचे तर हीच लागते, आणि ती विकत घ्यायची तर मग पुढचे काही महिने उपास. फास्टसाठी फास्ट.

गोखले_रोड (मंगळवार, रात्री ८:१५)

एक अर्थ सगळ्यांनी सोयीस्कर विसरला आहे. आमच्या कॉलेजच्या दिवसांत ‘ती जरा फास्टच आहे’ म्हटलं की त्या मुलीचा निकाल लागला. जीन्स घालणं, मोठ्याने हसणं, तलावपाळीवर मुलांबरोबर पाणीपुरी खाणं, एवढ्यावर माणूस फास्ट ठरत असे. मला वाटायचं ही आपल्या नाक्यावरची देणगी. नंतर कळलं, १९ व्या शतकातल्या इंग्रजीतही हेच चालायचं, उधळ्या पुरुषालाही फास्ट म्हणत पण बायकांना ते जास्त चिकटायचं. रंगारीकाका म्हणतात तसा या डागाचा फास्टनेस पाच नंबरी. मुलगा मात्र कधी फास्ट नसायचा, तो ‘स्मार्ट’ असायचा.

माजिवड्याची मावशी (मंगळवार, रात्री ८:४०)

खरं आहे बाई. आमच्या वेळी त्याला ‘पुढारलेली’ म्हणायचे, आणि म्हणताना तोंड वाकडं करायचे.

नौपाडा_मास्तर (मंगळवार, रात्री ९:०५)

गोखले रोड, तुमच्या मुद्द्याला लागून एक. ‘शेमफेस्ड’ म्हणजे शरमेने तोंड पडलेला असं आपण समजतो. मूळ शब्द ‘शेमफास्ट’ होता, लाजेने घट्ट बांधलेला, लज्जेची मर्यादा धरून राहणारा. तो चांगला गुण होता. लोक फास्टचा घट्ट अर्थ विसरले आणि लाज चेहऱ्यावर दिसते म्हणून त्यांनी फास्टचा फेस करून टाकला.

शंकेखोर (बुधवार, सकाळी ९:२५)

रात्री झोप आली नाही. फास्ट तर सोडाच, स्लो अस्लीपही नव्हतो. तुमच्या सगळ्यांच्या चुका काढायला ‘स्टेडफास्ट’ उघडून बसलो आणि तिथेच आडवा झालो. ऐका.

स्टेडफास्ट म्हणजे अढळ. फास्ट म्हणजे घट्ट हे एव्हाना पाठ झालं. ‘स्टेड’ म्हणजे जागा. आपल्या जागी घट्ट तो स्टेडफास्ट. आता हा स्टेड संस्कृतातल्या ‘स्था’ धातूचा नातेवाईक आहे, ‘स्थिती’ तर त्याची थेट चुलत बहीण. त्याच ‘स्था’पासून स्थान, आणि स्थानवरून आपलं ठाणं. शिलाहारांच्या ताम्रपटांत या गावाचं नाव श्रीस्थानक आहे. ‘ठाण मांडून बसणे’ म्हणजे तरी काय? जागेवर घट्ट बसणं.

म्हणजे स्टेड आणि ठाणे एकाच रक्ताचे. सीएसएमटीला इंडिकेटरवर ‘ठाणे फास्ट’ झळकतं ना, ते शब्दाला शब्द लावून स्टेडफास्ट आहे. इतकी वर्षं मी त्या गाडीच्या नावाने बोटं मोडली की ही मधेच का उभी राहते. बिचारी नावाला जागत होती.

तलावपाळी (बुधवार, सकाळी ९:३१)

दंडवत. पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ३४ किलोमीटर धावून ठाण्यात आली तेव्हापासून ही कोटी कोणीतरी करायची बाकी होती.

ऐरोली_नाइटशिफ्ट (बुधवार, सकाळी ९:४०)

शिफ्ट संपवून ऐरोलीच्या फलाटावर उभा राहून वाचतोय. आमच्या ट्रान्सहार्बरवर फास्ट नाहीच, सगळ्या स्लो. जर्मन अर्थाने मात्र रोज फास्ट असतात : जवळजवळ वेळेवर.

कोपरीकर (बुधवार, सकाळी १०:५०)

आजचा अहवाल. काकांनी डबा उघडला, आज शेव-बुंदी. माझ्याकडे बघून विचारलं, "आज काय, सोडलास की मोडलास?" त्यांना धाग्याची लिंक मीच पाठवली होती. गाडी त्या वेळी मुलुंड आणि नाहूरच्या मधे ठाण मांडून होती.

काचपट्टी (बुधवार, दुपारी १२:१५)

लॅबच्या दारावर आज नवा कागद लावला, ठळक अक्षरात : ‘फास्टिंग म्हणजे उपाशीपोटी. पाणी चालेल. खिचडी, केळं, राजगिऱ्याचा लाडू चालणार नाही.’

माजिवड्याची मावशी (बुधवार, दुपारी १२:४०)

आणि वरीचे तांदूळ?